फरक कितीचा आहे ते आधी बघा: दहावीच्या गणितात तेच ते मार्क का जातात

घरी सरावसंच सोडवताना सगळं येतं. क्लासमध्ये एका धड्यावरची चाचणी झाली की २०पैकी १८. आणि प्रिलिमला ४०पैकी २६. पेपर घरी आला की मूल तो चाळतं आणि म्हणतं, "मला येत होतं गं, सिली मिस्टेक झाल्यात." घरचे म्हणतात, सराव वाढव. सराव वाढतो, दोनशे पानी वही भरते, आणि पुढच्या सराव पेपरात २७ पडतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं हे चाललं होतं, यंदा वरच्या मजल्यावरच्या मुलाचं. दोघंही राज्य मंडळाचे, मराठी माध्यमाचे. क्लास वेगळे, शाळा वेगळ्या, पण गाडी अडायची जागा एकच. म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

मी शिक्षिका नाही. पतसंस्थेत २६ वर्षं खतावण्या केल्या, संगणक यायच्या आधी आणि नंतरही. गणित कसं शिकवावं हे मला कुणी विचारू नये. चूक कशी हुडकावी एवढं मात्र मला येतं.

सुरुवातीला एक गोष्ट तपासा. पुस्तक मिटून, घड्याळ न लावता, निवांत बसून मुलाला धड्यातलं गणित सुटतं का? सुटत नसेल तर त्याचं दुखणं वेगळं आहे. त्याला तो धडा कुणाकडून तरी परत समजून घ्यावा लागेल, आणि पुढचं वाचून त्याचा फारसा फायदा व्हायचा नाही. घरी सुटतं आणि पेपरात सुटत नाही, अशांसाठी पुढचं.

तेरीज जुळत नाही तेव्हा

महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा मेळ, जुळली नाही की आमचे जुने हिशेबनीस एकच प्रश्न विचारायचे, "फरक कितीचा आहे?" कुठं चुकलं, कुणी चुकवलं, यात ते पडायचेच नाहीत. फरकाचा आकडा कळला की दोन भागाकार करायचे. पहिला २ने. फरक १,२४० असेल तर निम्मे ६२०. मग ६२०ची एखादी नोंद जमेच्या ऐवजी नावे पडली आहे का ते बघायचं, कारण बाजू चुकली की फरक दुप्पट होतो. ती नाही सापडली तर ९ने. फरक ५४ असेल तर ९ने भाग जातो, उत्तर ६. म्हणजे ज्या शेजारशेजारच्या अंकांत ६चा फरक आहे असे दोन अंक उलटसुलट पडलेत. १,१८२च्या जागी कुणीतरी १,१२८ लिहून ठेवलेत. बहुतेक वेळा चहा यायच्या आत नोंद सापडायची.

(९ का, हे दहावीच्या पहिल्याच धड्यातल्या गणितांत दडलेलं आहे. दोन अंकी संख्या १०क्ष + य, तिचे अंक उलटवले की १०य + क्ष. वजाबाकी करा, ९(क्ष − य) उरतं. क्ष म्हणजे तुमचा एक्स. आम्ही क्ष आणि य वरच वाढलो, सांभाळून घ्या.)

भाचीची प्रिलिम आणि तीन सराव पेपर घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसले तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता. एका वहीत तीन रकाने आखले: तिचं उत्तर, बरोबर उत्तर, फरक. "अगं मावशी, फरक काय काढायचा? चुकलं ते चुकलं!" असं ती म्हणत होती. चारही पेपर मिळून ३१ जागी मार्क गेले होते. रकाने भरून झाल्यावर दिसलं की या ३१ चुका म्हणजे जेमतेम सहा-सात चुका होत्या. त्याच त्याच, वेगवेगळ्या धड्यांत वेश बदलून आलेल्या.

तेव्हापासून आमच्याकडे 'सिली' म्हणायला बंदी आहे. त्या शब्दाच्या आड चूक लपते आणि पुढच्या पेपरात परत निघते.

फरक दुप्पट असेल तर चिन्ह बघा

चिन्हाच्या या चुकीवर जास्त वेळ घालवते, कारण दोघांचेही सगळ्यात जास्त मार्क इथेच गेले.

प्रिलिममधलं गणित असं होतं: क्ष² − ४क्ष − ३ = ० हे सूत्र वापरून सोडवा. भाचीने ए = १, बी = −४, सी = −३ लिहिलं. इथवर चोख. मग विवेचक, म्हणजे मुलं ज्याला 'बी स्क्वेअर मायनस फोर एसी' म्हणतात ते. (−४)² म्हणजे १६. त्यातून ४ × १ × (−३) वजा करायचे. तिने लिहिलं १६ − १२ = ४. सूत्रातलं वजा आणि सीचं वजा ही दोन वेगळी चिन्हं आहेत, तिच्या हाताने मात्र एकदाच लिहिली. ४चं वर्गमूळ २, मुळं आली ३ आणि १. आणि ही खूश! "इतकं छान पूर्णांकात उत्तर आलं, मला वाटलं बरोबरच असणार." खरं उत्तर १६ + १२ = २८ वरून येतं, २ + √७ आणि २ − √७. दिसायला ओबडधोबड, पण खरं.

ताळा घेऊन बघू. क्ष = ३ समीकरणात घातला तर ९ − १२ − ३ = −६. शून्य यायला हवं होतं, फरक ६चा. समीकरणात ६ कुठंच नाही, पण ३ आहे आणि ६ त्याची दुप्पट. म्हणजे ३ची बाजू चुकली. जमेची नोंद नावे पडली. भाचीला हे दाखवल्यावर ती दोन मिनिटं गप्पच बसली आणि मग स्वतःहून बाकीचे पेपर उलटायला लागली.

निश्चयकात तेच सापडलं. वरच्या ओळीत ३ आणि −२, खाली ५ आणि ४. किंमत १२ − (−१०) = २२. तिचं उत्तर २. फरक २०, निम्मे १०. निर्देशक भूमितीत (−३, ४) आणि (५, −२) यांतलं अंतर. क्ष-निर्देशकांची वजाबाकी ५ − (−३) = ८ ऐवजी तिने २ घेतली. फरक ६, निम्मे ३. तीन धडे, दोन पेपर, आणि चूक एकच: ऋण संख्या वजा करताना मनातल्या मनात एक चिन्ह गिळलं जातं.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि मुलांना त्याचा भारी कंटाळा. ऋण संख्या सूत्रात जाईल ती कंसात बसूनच जाईल. आधी कंसांसकट ओळ लिहायची, मग पुढच्या ओळीत कंस सोडवायचे. एक ओळ वाढते, वीस सेकंद जातात. वरचा मुलगा म्हणाला, "काकू, आमचे सर दोन ओळींत करतात." सरांनी ते गणित हजार वेळा केलंय रे बाबा.

दुसरं म्हणजे मुळं काढली की निदान एक तरी समीकरणात घालून बघणं. क्ष = ३ घालून बघायला किती वेळ लागतो? पाणी प्यायला लागतो त्याहून कमी.

फरक एका पावलाचा असेल तर

५, ११, १७, २३, … या अंकगणिती श्रेढीचं २०वं पद काढा. वरच्या मुलाचं उत्तर १२५. बरोबर उत्तर ५ + १९ × ६ = ११९. फरक ६, आणि ६ हाच श्रेढीतला साधारण फरक. म्हणजे त्याने १९च्या जागी २० पावलं टाकली. सूत्र त्याला पाठ आहे, घोकून घेतलं तर 'एन वजा एक' बरोबर म्हणतो. घाईत मात्र ते 'वजा एक' गळतं.

याचंच जुळं भावंड म्हणजे 'तीन अंकी किती संख्यांना ५ने भाग जातो' हा प्रश्न. १०० पासून ९९५ पर्यंत. ८९५ भागिले ५ म्हणजे १७९, आणि पोरगं तिथंच थांबतं. पावलं १७९ झाली, संख्या १८०. मी त्याला जिन्यात नेऊन उभं केलं. पायऱ्या मोज आणि पायऱ्यांमधल्या उड्या मोज म्हटलं. त्यानंतर ही चूक त्याच्याकडून एकदाच झाली, तीही तापात.

उत्तर तिप्पट, चौपट असेल तर

गणिताच्या भाग दोनमध्ये, म्हणजे भूमितीच्या पेपरात, वजाबाकीपेक्षा भागाकार करून बघायचा. आपल्या उत्तराला खऱ्या उत्तराने भागा.

तिप्पट किंवा एक तृतीयांश आलं आणि गणित त्रिकोणमितीतल्या उंची-अंतराचं असेल तर ३० आणि ६० अंशांची अदलाबदल झाली आहे. ६० मीटर उंच दीपगृहावरून जहाजाकडे बघताना अवनत कोन ६० अंशांचा, तर जहाज किती दूर? खरं उत्तर २०√३, म्हणजे √३ = १.७३ धरून ३४.६ मीटर. भाचीचं आलं १०३.८. बरोबर तिप्पट, कारण ६० अंशांचा टॅन हा ३० अंशांच्या टॅनच्या तिप्पट असतो. तिने अवनत कोन दीपगृहाच्या उभ्या भिंतीला चिकटवून काढला होता. अवनत कोन हा बघणाऱ्याच्या डोळ्यातून निघणाऱ्या आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो. आकृतीत ती आडवी तुटक रेषा आधी काढली की कोन चुकायला जागाच राहत नाही. तिच्या आकृतीत ती रेषा नव्हती. खरं तर आकृती म्हणावी असं काही नव्हतंच, अर्ध्या सुपारीएवढा एक त्रिकोण होता.

गणित शंकूचं असेल आणि उत्तर तिप्पट असेल तर सूत्रातलं एक तृतीयांश राहिलंय. चौपट आलं तर त्रिज्येच्या जागी व्यास बसलाय. गोलाच्या घनफळात हीच चूक आठपट होऊन दिसते. वर्तुळाच्या धड्यात उत्तर दुप्पट आलं तर अंतर्लिखित कोन कंसाच्या निम्मा असतो हे विसरलं गेलंय. समरूप त्रिकोणांच्या बाजू २ : ३ असताना क्षेत्रफळांचं गुणोत्तर २ : ३च लिहिलं असेल, तर वर्ग करायचा राहिला, ४ : ९ हवं.

वरच्या मुलाला ही यादी इतकी आवडली की त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. शाळेतल्या मित्रांना तो हल्ली "तुझं किती पट आलंय सांग" असं विचारून चूक ओळखून दाखवतो म्हणे. असो.

उत्तर अशक्यच असेल तर

परीक्षेत बरोबर उत्तर शेजारी नसतं, मग फरक काढायचा कशाशी, हा प्रश्न रास्त आहे. काही उत्तरांवर मात्र तोंडावरच लिहिलेलं असतं की ही चूक आहे. सांख्यिकीत मध्यक काढताना मध्यक वर्ग ३०–४० असेल तर उत्तर ३० ते ४०च्या आतच यायला हवं. ते ३०च्या खाली घसरलं तर संचित वारंवारता आधीच्या वर्गाची घ्यायच्या ऐवजी त्याच वर्गाची घेतली गेली आहे. भाचीचा मध्यक २८ आला होता, आणि वर तिने स्वतःच्या अक्षरात 'मध्यक वर्ग ३०–४०' लिहिलेलं. बहुलकालाही हाच नियम. वृत्तालेखातले कोन मिळून ३६० व्हायला हवेत. संभाव्यता १च्या वर गेली तर घटना मोजताना गडबड आहे.

अर्थनियोजनाबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं, कारण मुलं तो धडा 'सोपा' म्हणून सोडून देतात. शेअरची गणितं घ्या. बाजारभाव १०० रुपये, दलाली ०.५ टक्के, दलालीवर जीएसटी १८ टक्के. दलाली ५० पैसे, त्यावर कर ९ पैसे, शेअर पडला १००.५९ रुपयांना. वरच्या मुलाने कर १०० रुपयांवर लावला आणि उत्तर काढलं ११८.५० रुपये. मी म्हटलं, "अरे, या भावाने कोण शेअर घेईल?" त्यावर तो, "काकू, मला काय माहीत शेअर कितीला मिळतो." खरं आहे. या धड्यात आकडेमोडीपेक्षा व्यवहार माहीत नसणं जास्त नडतं. एखादं खरं बिल समोर ठेवा. केंद्राचा कर आणि राज्याचा कर वेगवेगळे, पण सारखे असतात हे बिलावर दिसलं की पाठ करावं लागत नाही. आणि गणितात जो दर दिलाय तोच वापरायचा. बातम्यांत ऐकलेला नवा दर घालून शहाणपणा करू नये.

आकडा बरोबर, तरी मार्क गेले

हे मुख्यतः भूमितीत. इथे फरकाचा रकाना रिकामा राहतो, म्हणून तपासणाऱ्याच्या लाल खुणा बघाव्या लागतात. भाचीच्या पेपरात त्रिकोण समरूप दाखवले होते, पण कोको (कोन-कोन) की बाकोबा (बाजू-कोन-बाजू), कसोटीचा पत्ता नाही. प्रमेयाच्या सिद्धतेत पायऱ्या होत्या, कंसातली कारणं नव्हती. 'त्रिकोण एबीसी समरूप त्रिकोण पीक्यूआर' लिहिलं, पण शिरोबिंदूंचा क्रम आकृतीशी जुळत नाही, त्यामुळे पुढची सगळी गुणोत्तरं डळमळीत. रचनेच्या गणितात तर तिने नीटनेटकं दिसावं म्हणून कंपासने काढलेले कंस खोडून टाकले होते! रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत, आणि सिद्धता लिहिताना आकृती काढायलाच हवी, हे भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर वरच्या सूचनांत छापलेलं असतं. त्या सूचना वर्षभरात एकदाही वाचलेल्या नसतात. एकदा सगळ्या मोठ्याने वाचून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. तिथेच हेही लिहिलेलं सापडेल की पर्याय निवडायच्या प्रश्नात पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच धरलं जातं. तिथं खोडाखोड करून काही मिळत नाही.

कंपासमधली पेन्सिल टोकदार असू द्या. हसू नका, जाड रेघेत छेदनबिंदू दोन मिलिमीटर इकडेतिकडे जातो आणि स्पर्शिका वर्तुळाला कापून जाते.

घरी येतं ते का येतं

आता मुळाशी. भाचीच्या सरावाच्या वह्या मी नंतर बघितल्या. दोन गोष्टी दिसल्या.

एक, खोडरबराच्या खुणा. शेवटच्या ओळीतलं वजा खोडून अधिक केलेलं, त्याच्या वरच्या ओळी तशाच. म्हणजे पुस्तकाच्या मागे उत्तर बघायचं, आपलं जुळत नाही असं दिसलं की चिन्ह बदलायचं आणि बरोबरची खूण करून पुढे जायचं. यात फसवाफसवीचा हेतू नव्हता. तिला मनापासून वाटायचं की गणित आपल्याला आलं, 'फक्त' चिन्ह चुकलं. आता सराव पेनाने होतो आणि उत्तरांची पानं रबरबँडने बांधलेली असतात. चुकलं तर खोडायचं नाही, खाली परत सोडवायचं.

दोन, सरावसंच त्याच धड्याचा असतो. 'सूत्राचा उपयोग करून सोडवा' असं वर लिहिलेलं असलं की कुठली पद्धत हे ठरवायचं काम पुस्तकानेच केलेलं असतं. दहा गणितं ओळीने त्याच पद्धतीची, तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो. पेपरात समरूपतेच्या शेजारी स्पर्शिका आणि तिच्या शेजारी शंकूछेद असतो, आणि हे कुठल्या धड्यातलं ते कुणी सांगत नाही. मुलाला जे घरी येतं ते सोडवणं. ओळखणं त्याने कधी केलेलंच नसतं.

यासाठी आमच्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. त्यातल्या प्रश्नांचे धडा आणि क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकले, दोन्ही भाग एकत्र. रोज आठ चिठ्ठ्या. चिठ्ठी मी उघडायची, प्रश्न मी वाचायचा, धडा सांगायचा नाही. त्यातली तीनच गणितं पूर्ण सोडवायची. बाकी पाचांची फक्त पहिली ओळ: काय दिलंय, काय काढायचंय, कुठलं सूत्र किंवा प्रमेय लागेल. पहिले चार दिवस भाची रडकुंडीला आली. जी गणितं तिने वहीत दोनदोनदा सोडवली होती, त्यांची पहिली ओळ सुचेना. तीन आठवड्यांनी बऱ्यापैकी जमायला लागलं. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग या पाच अर्धवट गणितांचा झाला. पूर्ण सोडवायच्या नादात मूल दिवसाला तीनच गणितं 'ओळखतं'. अशी आठ ओळखतं.

वेळेचं थोडक्यात

४० मार्क, दोन तास. मार्काला तीन मिनिटं. पर्याय धरून पेपरात ६० मार्कांचे प्रश्न छापलेले असतात, म्हणजे वीस मार्कांचे सोडायचेच असतात. वरचा मुलगा चौथ्या प्रश्नातली कुठलीही दोन सोडवायच्या ऐवजी तिन्ही सोडवून यायचा, 'येत होतं म्हणून', आणि मग पाचवा प्रश्न राहायचा. पहिल्या प्रश्नाला, आठ मार्कांना, त्याची ३५ मिनिटं जायची, कारण एकेका मार्काच्या गणिताला तो पानभर रीत लिहायचा. त्याचा हा आजार घड्याळ समोर ठेवून दोन पेपरांत बरा झाला. फार मोठा नव्हताच.

जुने पेपर सोडवायला घेताना वर्ष बघा. आत्ताचं दहावीचं पुस्तक २०१८चं, त्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ची. त्याआधीच्या पेपरांचा साचा आणि धडे वेगळे. २०२१ला करोनामुळे परीक्षाच झाली नाही, २०२२ची कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. जुलैच्या पुरवणी परीक्षेचे पेपर मुलं बघत नाहीत, ते जरूर घ्या, सरावाला तितकेच चांगले. आणि हे पेपर एका दमात, मधे न उठता. दोन प्रश्न सकाळी, दोन रात्री, असा सोडवलेला पेपर म्हणजे परत सरावसंचच.

ज्या चुकीची खूण राहत नाही

एक चूक अजून पुरती सुटलेली नाही, तीही सांगून टाकते.

वयाचं गणित. मुलाचं वय क्ष, आईचं य, पाच वर्षांपूर्वी अमुक, दहा वर्षांनी तमुक. विचारलंय आईचं आजचं वय. वरच्या मुलाने समीकरणं बरोबर मांडली, बरोबर सोडवली, क्ष = १२ आलं आणि खाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाकडे गेला. १२ बरोबर आहे, ताळा घेतला तरी जुळतो. फक्त ते मुलाचं वय आहे. आयताच्या बाजू काढून परिमिती द्यायची राहते, त्रिज्या काढून व्यास द्यायचा राहतो, ते याच जातीचं. इथे २ने भागून, ९ने भागून काहीच हाती लागत नाही.

सध्या आम्ही उलटं करून बघतोय. गणित हातात घेतलं की आधी उजव्या बाजूला कच्च्या कामाच्या जागेत शेवटचं वाक्य लिहायचं, आकड्याच्या जागी रेघ ठेवून: 'म्हणून आईचे आजचे वय ___ वर्षे.' मग मांडणी सुरू करायची. रेघ भरल्याशिवाय पुढच्या गणिताला हात लावायचा नाही. "काकू, हे म्हणजे पहिलीतल्या रिकाम्या जागा भरा," अशी त्याची कुरकुर आहे. गेल्या तीन सराव पेपरांपैकी दोनांत त्याने हे केलं. तिसऱ्यात विसरला आणि दोन संख्यांपैकी मोठी विचारलेली असताना लहान लिहून आला. काल त्यानेच वहीत ती नोंद केली: माझं उत्तर १७, बरोबर उत्तर २५, आणि फरकाच्या रकान्यात ८ लिहून ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'प्रश्न वाचला नाही'.